सामुद्रधुनीच्या तोंडावरचा नगारा

फार पूर्वी, जहाजं वाऱ्याच्या मर्जीनं चालत तेव्हा, दोन मोठ्या भूमींच्या मधे एक अरुंद सामुद्रधुनी होती आणि तिच्या तोंडाशी एक एवढंसं बेट होतं. बेटावर नारळ, निरफणस आणि मासळी भरपूर, पण भाताचं एक रोप तिथं जगत नसे. बेटाला सैन्य नव्हतं, तट नव्हता. तरीही साऱ्या समुद्रात त्याचं नाव होतं, ते एका नगाऱ्यामुळं.

सामुद्रधुनीत पाण्याखाली काळे खडक दडलेले होते. त्यावर धुकं असं उतरायचं की सुकाणू धरणाऱ्या तांडेलाला आपल्याच जहाजाची डोलकाठी दिसत नसे. अशा वेळी वाट चुकलेलं जहाज शंख फुंकायचं आणि बेटाच्या कड्यावरून नगारा त्याला उत्तर द्यायचा. त्या आवाजाचा रोख धरून सरळ गेलं की खडक बाजूला राहत. नगारा केवढा, तर चार माणसांनी हात पसरून कवटाळावा लागे. त्याचा ठोका कानांवर पडायच्या आधी छातीत जाणवायचा. ज्यांनी तो धुक्यात ऐकला, ते पुढं म्हातारे झाले तरी त्याच्याविषयी बोलताना आवाज खाली आणत.

त्या काळी सगळा समुद्र पूर्वेच्या सम्राटाचा होता. जिकडं पाहावं तिकडं त्याचीच हळदी रंगाची शिडं. सुगी झाली की त्याची जहाजं बेटावर तांदूळ उतरवून जात. नगारा नेमका कोणासाठी वाजतो, हे कधी कोणी विचारलंच नाही. विचारायचं कशाला? समुद्रात दुसरं होतंच कोण?

मग एका साली पश्चिमेकडून निळी शिडं दिसू लागली. आधी एखाददुसरं, पुढं थव्यानं. तिकडं एक नवा राजा उभा राहिला होता आणि त्याची जहाजं दर मोसमात वाढत होती.

त्याच साली बेटाचा म्हातारा राजा वारला आणि त्याची मुलगी सगुणा गादीवर बसली. तिच्या वडिलांच्या वेळेपासून परमुलखात बेटाच्या वतीनं बोलायचं काम अंताजी नावाचा वकील करत असे. तो म्हणाला, "राणीसाहेब, कारभार काय, होत राहील. ज्यांच्या मधे आपल्याला राहायचंय, त्यांना आधी आपल्या डोळ्यांनी बघून घ्या."

म्हणून सगुणा अंताजीला घेऊन आधी पूर्वेला गेली.

सम्राटाच्या राजधानीच्या घाटावर पाऊल ठेवलं आणि ती जागच्या जागी उभी राहिली. पांढऱ्या दगडाच्या पायऱ्या वर चढत गेल्या होत्या, इतक्या रुंद की त्यावरून हत्ती शेजारीशेजारी चालत होते आणि तरी माणसांना जायला जागा होती. दरबाराचं छत एवढं उंच, की आत पाखरांचे थवे फिरत होते आणि त्यांना बाहेर पडायची घाई नव्हती. सगुणाला वाटलं, हे माणसांनी बांधलंय? माणसांनीच?

सम्राटाच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. तो मऊ आवाजात म्हणाला, "ये पोरी. तुझ्या आजोबांना मी याच दालनात भेटलो होतो. तुम्ही आमची माणसं, तुमचा नगारा आमचा. त्या निळ्या शिडांसाठी तो वाजू देऊ नकोस. बाकी तुला काही कमी पडणार नाही."

परतताना तिनं सम्राटाची गोदी पाहिली. जहाजांच्या बुडांना शिंपल्यांचे थर चढले होते. दुरुस्तीला बसलेले सुतार सगळे पिकल्या केसांचे. एवढं मोठं झाड आतून पोकळ होत चाललं होतं, आणि तरी त्याची सावली केवढी! सगुणानं जहाजावरून त्या नगराला पुन्हा एकदा हात जोडले.

मग ती पश्चिमेला गेली.

ते बंदर दिसायच्या आधी ऐकू आलं. करवती, हातोडे, वाकस, दोरखंड ओढणाऱ्यांच्या आरोळ्या. किनाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जहाजांचे सांगाडे उभे होते, जणू पांढऱ्याशुभ्र फासळ्यांचं रान. तिच्यासमोरच एक नवं जहाज पाण्यात लोटलं. तेल लावलेल्या ओंडक्यांवरून ते घरंगळत गेलं, समुद्र दुभंगला, आणि उठलेली लाट येऊन सगुणाचे पाय भिजवून गेली.

नवा राजा तिथंच सुतारांमधे उभा होता. बाह्या वर सारलेल्या, केसांत लाकडाचा भुसा. "राणीसाहेब," तो म्हणाला, "समुद्राला आता नवा मालक येतोय, हे तुम्ही पाहिलंतच. वेळेवर बाजू बदला. नगारा फक्त आमच्यासाठी वाजवा. तुमच्या बेटाभोवती मी जहाजांचं कडं उभं करतो. कोणाची छाती होणार नाही तुमच्याकडं बघायची."

परतीच्या वाटेवर सगुणा मागं सरणाऱ्या बंदराकडं बघत होती. मग म्हणाली, "अंताजीकाका, दोघांसमोरही मला आपण मुंगीएवढे वाटलो."

"तेवढेच आहोत आपण, राणीसाहेब."

"मग दोघांनाही आपला नगारा का हवाय?"

अंताजीनं आयुष्यभर मोठमोठ्या दरबारांत उत्तरं दिली होती. या वेळी मात्र तो म्हणाला, "हे बेटावर सगळ्यांसमोर विचारा, राणीसाहेब."

बेटावर उंडीच्या झाडाखाली सगळे जमले. एक म्हातारी म्हणाली, "पिढ्यान्‌पिढ्या ज्याचा भात खाल्ला, त्याच्याशी बेइमानी करायची?" जाळी विणणारा एक जण उसळून म्हणाला, "म्हातारे, बुडत्या जहाजात बसून कोण गं पार गेलंय? निळ्यांकडं जाऊ." तिसरा हळूच म्हणाला, "दोघांनाही हो म्हणावं. कोणाला कळतंय?"

"धुकं पडलं की कळेल," सगुणा म्हणाली. "त्या दिवशी एकाचं तरी जहाज फुटेल, आणि त्यातली माणसं आपल्या शब्दावर विसंबून आलेली असतील."

मग तिनं आपला निर्णय सांगितला आणि अंताजीला तोच निरोप दोन्हीकडं द्यायला धाडलं. "तिकडं एक आणि इकडं एक बोलायचं नाही," तिनं बजावलं. "शब्दही बदलायचा नाही."

निरोप असा होता : "धुक्यात जो शंख फुंकेल त्याच्यासाठी आमचा नगारा वाजेल. शिडाचा रंग आम्ही विचारणार नाही. कोणाच्या लढाईसाठी तो वाजणार नाही आणि कोणाच्या लढाईसाठी थांबणारही नाही."

नवा राजा ते ऐकून हसला. "बघू किती दिवस टिकतं ते," म्हणाला. सम्राटाला मात्र जिव्हारी लागलं. त्या सुगीला तांदळाची जहाजं आली नाहीत.

बेटाला ते वर्ष जड गेलं. सकाळी निरफणस, संध्याकाळी निरफणस. बाळंतिणींना पेज मिळेना. लहान पोरं भाताची आठवण काढून रडायची, आणि विहिरीवरच्या बायका सगुणाला बघून बोलणं थांबवायच्या. एकदा ती अंताजीला म्हणाली, "काका, माझं चुकलं का हो?"

"ठाऊक नाही," अंताजी म्हणाला. "पण दोन्ही दरबारांत मी एकच वाक्य बोललो, आणि उभ्या जन्मात पहिल्यांदा मला मागं काय बोललो होतो ते आठवत बसावं लागलं नाही."

असे महिने गेले. मग एके सकाळी सम्राटाचं आरमार बेटाच्या आडोशाला येऊन नांगर टाकून उभं राहिलं. हळदी शिडं, शिडांखाली तोफांच्या रांगा. आरमाराचा प्रमुख, सरखेल, जवळच्या माणसांना घेऊन थेट कड्यावर आला. रुंद छातीचा, कोरीव दाढीचा माणूस. त्यानं सगुणाला मुजरा केला, पण त्याचं लक्ष समुद्रावर होतं. तिकडून धुकं येत होतं.

ते येताना पाहणंही भय वाटावं असंच होतं. दूरची क्षितिजाची रेघ गेली. मग खडकांवरचा फेस गेला, मग पायथ्याची वाळूची पुळण. बघता बघता सगळं जग त्या पांढऱ्या पोटात गेलं आणि कड्यावर फक्त माणसं आणि नगारा उरला.

"राणीसाहेब," सरखेल म्हणाला, "त्या नव्या राजाचं अख्खं आरमार आज सामुद्रधुनीत शिरलंय. तो स्वतः त्यात आहे. तुम्ही काही करू नका. नगारा गप्प ठेवा, बस्स. आमची लढाई आज खडक लढतील. उद्यापासून पुन्हा सगळा समुद्र सम्राटांचा, आणि तुमची कोठारं तांदळानं भरलेली."

"आणि नगारा वाजला तर?"

सरखेलानं खाली, धुक्यात बुडालेल्या आपल्या जहाजांच्या दिशेनं बोट दाखवलं. "तोफा गावाकडं वळवूनच आलोय मी. इथून शिंग वाजलं की बत्ती देतील."

तेवढ्यात तो आवाज आला. धुक्याच्या आत, खूप दूर, कोणीतरी शंख फुंकला. लांब, कापरा सूर. त्याच्या डावीकडं दुसरा. मग तिसरा, मग कितीतरी. समुद्रावर एक अख्खं गाव आंधळं झालं होतं आणि हाक मारत होतं. नगारची टिपऱ्या हातात धरून सगुणाच्या तोंडाकडं बघत राहिले.

सगुणाला खालचं गाव आठवलं, नारळीच्या झापांची छपरं, एका ठिणगीत पेटतील अशी. तिथल्या माणसांना तिनं वर्षभर भातासाठी तरसवलं होतं. आता त्यांच्या घरांवर तोफा रोखलेल्या होत्या. तिनं थांबायला सांगितलं असतं, तर तिला कोणीही दोष दिला नसता.

शंख पुन्हा वाजले. त्यात एक सूर वेगळा होता, जाड आणि तुटक. सरखेलाच्या मागं उभा असलेला त्याचा जुना तांडेल दचकून पुढं झाला. "सरकार! ही तर आपली गलबतं. काल टेहळणीला धाडलेली. ती आतच अडकलीत!"

सरखेल त्याच्याकडं वळला नाही. "मला ठाऊक आहे."

"माझा भाऊ आहे त्यावर, सरकार."

"मला ठाऊक आहे म्हटलं ना!" सरखेल ओरडला, पण त्याचा आवाज फाटला.

सगुणानं एका नगारच्याच्या हातून टिपऱ्या घेतल्या. "सरखेल," ती म्हणाली, "तुम्हाला जे निरोपात कळवलं होतं, तेच मी आज करतेय. तुम्हाला करायचं ते तुम्ही करा."

आणि तिनं ठोका दिला.

तो ठोका कड्याच्या दगडातून माणसांच्या पायांत चढला. दुसऱ्या ठोक्याला नगारची तिच्या बाजूला येऊन उभे राहिले आणि त्यांनी ताल उचलला. धुकं थरथरलं असं वाटलं. सरखेलाचा हात वर गेला. शिंगवाल्यानं शिंग ओठांपर्यंत नेलं आणि तिथंच धरलं. तो तांडेलाकडं बघत होता. तांडेल सरखेलापुढं आडवा उभा राहिला, नुसते हात जोडून. सरखेलाचा हात कितीतरी वेळ तसाच वर राहिला. मग तो खाली आला, आणि शिंग वाजलं नाही.

मग धुक्यातून जहाजं निघू लागली.

आधी पांढऱ्यातली एक दाट सावली. मग नाक, मग डोलकाठी, मग कड्याच्या अगदी खालून सरकत जाणारं निळं शीड, इतकं जवळ की त्याच्या दोऱ्या मोजाव्यात. मागून दुसरं. मागून आणखी. पर्वतच एकामागून एक पावलं न वाजवता चालत जावेत, तशी ती जहाजं गेली. कोणी ओरडत नव्हतं. वल्ह्यांचा आवाज आणि नगारा, बाकी काही नाही. एकेका जहाजावरची माणसं कठड्याशी येऊन मान वर करून बघत होती, आणि बरेच जण नकळत हात जोडत होते. कड्यावर सम्राटाचे शिपाई उभे होते, शत्रूचं आरमार खालून जात होतं, आणि त्यांचेही हात जोडलेले होते. त्या निळ्या शिडांच्या मधोमध, एकमेकींना बिलगल्यासारखी, हळदी रंगाची गलबतं आली. तांडेल मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला.

दुपारी धुकं विरलं. आडोशाच्या पाण्यात हळदी आणि निळी शिडं एकमेकांत मिसळून उभी होती, आणि तोफेला हात लावायचं कोणालाच सुचत नव्हतं. नवा राजा छोट्या होडीतून पुळणीवर उतरला आणि थेट सगुणाकडं आला.

"राणीसाहेब, आज तुम्ही माझा जीव वाचवलात. तुमच्यावर तोफा रोखल्या होत्या, तेही कळलं मला. आता ही वेळ पुन्हा येणार नाही. माझे शिपाई आजपासून या कड्यावर राहतील. नगारा ते सांभाळतील, बेटही सांभाळतील. पण तो वाजेल तो फक्त आमच्यासाठी."

सरखेल चार पावलांवर उभा राहून ऐकत होता.

सगुणा म्हणाली, "धुक्यात जो शंख फुंकेल त्याच्यासाठी आमचा नगारा वाजेल. शिडाचा रंग आम्ही विचारणार नाही. कोणाच्या लढाईसाठी तो वाजणार नाही आणि कोणाच्या लढाईसाठी थांबणारही नाही."

राजाचा चेहरा लाल झाला. "हे मला सांगताय? आत्ता, या घडीला? मी मनात आणलं तर नगारा उचलून नेईन."

"न्या," सगुणा म्हणाली. "तुम्हाला कोण अडवणार? पण महाराज, मग धुक्यात अडकलेला तांडेल तो ऐकेल आणि मनात म्हणेल, हा कोण वाजवतोय? मला वाटेवर बोलावतोय की खडकावर? असा एकदा संशय आला की नगारा फक्त कातडं आणि लाकूड. आज तुमची सगळी जहाजं आंधळेपणानं या आवाजामागं आली. इथं सम्राटांचे शिपाई उभे आहेत का, हे न विचारता आली. का आली?"

राजानं वर कड्याकडं पाहिलं. आज सकाळी त्या पांढऱ्या काळोखात, आपल्या थोरल्या जहाजाच्या नाकावर उभं राहून, आवाज आला त्या दिशेला सुकाणू फिरवा असं त्यानं स्वतः सांगितलं होतं. क्षणभरही विचार न करता. ते त्याला आता जाणवलं आणि तो हादरला.

सरखेल पुढं आला. त्याचा आवाज बसला होता. "महाराज, राणीसाहेबांनी हेच शब्द आमच्या दरबारात धाडले होते. हेच, अगदी असेच. आम्हाला वाटलं, आतून तुमच्याशी काही वेगळं ठरलंय." त्यानं निळ्या शिडांकडं पाहिलं. "आज समुद्र तुमच्या बाजूनं वळतोय, हे मला दिसतं. मी आंधळा नाही. पुढच्या एखाद्या धुक्यात शंख फुंकणारं जहाज आमचं उरलेलं शेवटचं असेल. तेव्हा इथं कोणाचेही शिपाई असू नयेत, एवढंच मला हवंय. माझ्या तोफा मी इथून हलवतो."

नवा राजा त्याच्याकडं वळला. मग म्हणाला, "माझाही शब्द. हा नगारा जिथवर ऐकू येतो, तिथवर कोणी कोणावर शस्त्र उचलायचं नाही."

संध्याकाळी उंडीच्या झाडाखाली दोन्हीकडच्या माणसांची एकच पंगत बसली. भाजलेली मासळी, नारळ, उकडलेला निरफणस. सरखेलानं पानात पाहिलं आणि सहज विचारलं, "भात नाही?"

वाढणाऱ्या बायका थबकल्या. अंताजी हळूच म्हणाला, "यंदा आला नाही, सरखेल."

सरखेलानं मान खाली घातली. पानातलं सगळं संपवलं, पुन्हा मागून घेतलं, आणि निघताना प्रत्येक वाढणारीला नमस्कार करून गेला. पुढच्या सुगीला पूर्वेकडून तांदूळ आला. त्याच आठवड्यात पश्चिमेकडूनही आला.

पुढं सगुणाच्या हयातीतच समुद्राचे रंग आणखी बदलले. हळदी शिडं विरळ झाली. निळी वाढली, आणि त्यांच्यामागून दक्षिणेकडून तांबडी आली, कुठून तरी हिरवी आली. मोठमोठी नगरं लहान झाली आणि कोणी नाव न ऐकलेल्या बंदरांतून आरमारं निघू लागली. ते एवढंसं बेट होतं तेवढंच राहिलं. पण त्याच्या लहानशा राणीनं काही म्हटलं, की नव्या आणि जुन्या सगळ्या दरबारांत माणसं बोलायची थांबत आणि ऐकत. तिचा शब्द दुसऱ्या कोणाला विचारून पडताळून पाहायची गरज कोणालाच पडत नसे.

तात्पर्य : जगात बलवान बदलत राहतात. लहानानं त्यांच्यापैकी एकाचं होण्यापेक्षा सगळ्यांशी एकच खरा शब्द राखावा. त्याची किंमत आधी मोजावी लागते, पण पुढं तोच त्याचा तट होतो.